अश्वहृदय : सारंगखेड्याच्या बाजारानिमित्त कांहीं विचार

शर्यतीच्या मैदानाभोवतीं जमलेल्या लोकांस वेग तेवढा दिसतो. धुरळा उडतो, आरोळ्या उठतात, कोणी पुढें जातो, कोणी मागें पडतो, आणि घटकाभरांत सर्व आटोपतें. पुढें गेला तो धीट व मागें राहिला तो भित्रा, एवढाच निकाल मनांत घेऊन बहुतेक प्रेक्षक घरीं जातात. वेग हें झाडाला आलेलें फळ आहे. तें झाड कोणीं लावलें, कोणीं शिंपलें व कोणत्या मातींत वाढविलें, याची चौकशी करण्याची कोणास फुरसत नसते. इतिहास लिहिणारेही या बाबतींत प्रेक्षकांहून फारसे निराळे नाहींत. मराठ्यांच्या घोडदौडीचीं वर्णनें आपण शाळेपासून वाचीत आलों. परंतु ते घोडे काय खात, त्यांच्या खुरांस नाल कोण मारी आणि एका दिवसांत किती कोस चालविलें म्हणजे दुसऱ्या दिवशीं ते पुन्हां उभे राहत, हें विचारलें तर आपणांपैकीं पुष्कळांस उत्तर देतां येणार नाहीं. त्या बाजूकडे वाचकांचें लक्ष वेधावें, असा या लेखाचा हेतु आहे.

मोटारींच्या शर्यतींचें एक उदाहरण प्रथम घेऊं, म्हणजे आमचें म्हणणें स्पष्ट होईल. ४ ऑगस्ट १९५७ रोजीं जर्मनींतील न्युर्बुर्गरिंग येथें झालेल्या शर्यतींत अर्जेंटिनाच्या ह्वान मान्वेल फांजिओनें मिळविलेला विजय अद्याप विसरला गेलेला नाहीं. प्रतिस्पर्धी गाड्या भरपूर इंधन घेऊन न थांबतां शर्यत पुरी करणार होत्या. फांजिओनें अर्धेंच इंधन घेतलें व मऊ रबराचीं चाकें बसविलीं. मध्यें एकदां थांबावें लागेल, तथापि हलकी गाडी वळणावर चपळ राहील, असा त्याचा हिशेब होता. थांब्यावर अपेक्षेहून अधिक वेळ गेला आणि तो जवळजवळ पाऊण मिनिट मागें पडला. त्यानंतर मात्र फेरीमागून फेरी स्वतःचाच उच्चांक मोडीत त्यानें शर्यत सुमारें तीन सेकंदांच्या अंतरानें जिंकली. हा मनुष्य पांच वेळां जगज्जेता झाला. पण तारुण्यारंभीं तो आपल्या गांवच्या मोटार-कारखान्यांत हातांस तेल लावून काम करणारा कारागीर होता, ही गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. चाकाची झीज, इंधनाचें वजन, यंत्राच्या आवाजांतला फरक आणि रस्त्याचा उतार यांचा मेळ ज्याच्या बोटांत भिनला आहे, त्यालाच वेग वश होतो.

ही विद्या परदेशांतून आलेली नवलाई नव्हे. नंदुरबार जिल्ह्यांत दरवर्षीं मार्गशीर्ष पौर्णिमेस जो मेळा भरतो, तो या विद्येचें एक जुनें पीठ आहे. शहादे तालुक्यांत तापीच्या कांठीं सारंगखेडें नांवाचें गांव आहे. तेथें एकमुखी दत्ताचें देऊळ असून दत्तजयंतीस मोठी यात्रा भरते, आणि यात्रेबरोबर घोड्यांचा बाजार लागतो. राजस्थान, गुजराथ, पंजाब, उत्तर प्रदेश अशा दूरदूरच्या प्रांतांतून व्यापारी घोडे घेऊन येतात. मारवाडी, काठेवाडी, सिंधी अशा नाना जातींचीं जनावरें येथें एका रांगेंत बांधलेलीं दिसतात. लोकपरंपरा या बाजाराचें मूळ मराठेशाहीपर्यंत नेते. स्थळ पाहतां व्यापाराला तें सोयीचें आहे, यांत शंका नाहीं. उत्तरेस सातपुडा व नर्मदा, मधून तापी आणि पश्चिमेस गुजराथ अशा संधीवर हा प्रदेश वसला आहे. सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा जुना राजमार्ग याच भागांतून जात असे. सतराव्या शतकांतील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये यानें त्या वाटेवरील मुक्कामांत नवापूर व नंदुरबार यांची नोंद केली आहे. पूर्वीं पश्चिम खानदेशांत व पुढें धुळें जिल्ह्यांत मोडणारा हा मुलूख १ जुलै १९९८ रोजीं स्वतंत्र जिल्हा झाला.

या बाजारांत जो जाणता गिऱ्हाईक शिरतो, त्याची दृष्टि प्रथम घोड्याच्या झुलीवर जात नाहीं. तो तोंड उघडून दांत पाहतो. घोड्याचें वय त्याच्या पुढच्या दांतांवर लिहिलेलें असतें. अडीच वर्षांच्या सुमारास मधली दुधाची जोडी पडून कायमची येते, तिसाव्या महिन्याची वाट न पाहतां लबाड व्यापारी तिला लवकरच ‘जवान’ म्हणूं लागतो. साडेतीन वर्षांच्या आसपास शेजारची जोडी बदलते, साडेचारांच्या आसपास कडेची, आणि पांचव्या वर्षीं तोंड पुरें होतें. पुढें दांतांच्या माथ्यावरील खळगे झिजूं लागतात व आठव्या वर्षाच्या सुमारास खालच्या दांतांवरील खळगे बहुधा बुजतात. दहाव्या वर्षाच्या सुमारास वरच्या कडेच्या दांतावर हिरडीपाशीं एक खांच दिसूं लागते. ती पंधराव्या वर्षीं अर्ध्यावर व विसाव्या वर्षीं टोंकापर्यंत उतरते. हा हिशेब सर्व जनावरांस तंतोतंत लागू पडत नाहीं, खाणें व जात यांप्रमाणें थोडें मागेंपुढें होतें. तथापि फसवणूक टाळण्यास तो पुरेसा आहे. म्हाताऱ्या घोड्याच्या दांतांत खोटे खळगे कोरून व त्यांस डाग देऊन त्याला तरुण भासविणारे लोक सर्व देशांत होऊन गेले. खळगे कोरतां येतात, पण दांतांचा लांबट झालेला आकार व त्यांचा कल लपवितां येत नाहीं, हें जाणत्यास ठाऊक असतें.

दांतांनंतर पाय. घोड्याच्या अंगाचा अर्ध्याहून अधिक भार पुढच्या दोन पायांवर असतो. म्हणून खूर भेगाळलेला किंवा गुडघा सुजलेला असेल तर बाकीचें सौंदर्य व्यर्थ होय. त्यानंतर नाकपुड्या. घोडा तोंडानें श्वास घेऊं शकत नाहीं. भरधाव पळत असतां त्याचा श्वास पावलाशीं जुळलेला असतो. एका उडीस एक श्वास, असें हें प्रमाण आहे. तेव्हां नाकपुडी अरुंद असलेला घोडा कितीही देखणा असला तरी लांब पल्ल्यावर दम सोडणार, हें उघड आहे.

येथें महाभारतांतील नलाची कथा वाचकांच्या सहज ध्यानीं येईल. आणि ती आमच्या महाराष्ट्राशीं निगडित आहे, कारण त्या शर्यतीचें शेवटचें ठिकाण विदर्भ होतें. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून अयोध्येच्या ऋतुपर्ण राजास एका दिवसांत विदर्भ गांठावयाचा होता. बाहुक या नांवानें त्याच्या पदरीं राहिलेल्या नलानें पागेंतून जे घोडे निवडले ते पाहून राजा संतापला. कारण ते हडकुळे होते. परंतु नलानें त्यांच्या अंगचीं लक्षणें पाहिलीं होतीं. ते सिंधुदेशीय होते, त्यांच्या नाकपुड्या रुंद व जबडे मोठे होते, आणि त्यांच्या अंगावर दहा शुभ भोंवरे होते. भोंवऱ्यांवर भाग्य ठरत नाहीं, असें आज आपण म्हणूं, आणि तें योग्यच आहे. देवमणीसाठीं हजारों रुपये जास्त देणारा व अशुभ भोंवऱ्यासाठीं उत्तम घोडा टाकून देणारा गिऱ्हाईक अद्यापही भेटतो, ही खेदाची गोष्ट होय. पण रुंद नाकपुड्यांची परीक्षा मात्र आजच्या शारीरशास्त्रासही मान्य व्हावी अशीच आहे.

याच कथेंतील आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. राजा रथांत चढतांच ते घोडे गुडघ्यांवर बसले. नलानें चाबूक उगारला नाहीं. त्यानें त्यांस चुचकारून शांत केलें, लगाम हातीं घेतला आणि मग रथ सोडला. वाटेंत राजाचें उत्तरीय पडलें. तें घेण्यास थांबावें असें त्यानें म्हणेपर्यंत रथ योजनभर पुढें गेला होता. पुढें नलानें राजास अश्वहृदय दिलें आणि राजानें नलास अक्षहृदय, म्हणजे फांशांची व संख्येची विद्या, दिली. ‘हृदय’ हा शब्द ज्यानें या विद्येस योजिला त्याच्या मार्मिकतेचें कौतुक वाटतें. सारथ्य ही बाहूंची विद्या असती तर तिला दुसरें एखादें नांव मिळालें असतें.

सारथ्याच्या अंगीं कोणते गुण असावेत याची याहून नेमकी मांडणी वाल्मीकीच्या युद्धकांडांत आहे, आणि ती एका राक्षसाच्या सारथ्याच्या तोंडीं आहे. रामाशीं लढतां लढतां रावण व्याकुळ झाला, तेव्हां त्याच्या सारथ्यानें रथ मागें घेतला. सावध झाल्यावर रावणानें त्याला भित्रा, शत्रूस फितूर झालेला, अशा शिव्या दिल्या. सारथ्यानें नम्रपणें दिलेल्या उत्तराचा आशय असा कीं, सारथ्यानें देश व काळ ओळखावा. धन्याची ग्लानि, हर्ष व बळाबळ जाणावें. जमीन उंच कोठें, सखल कोठें, सम कोठें व विषम कोठें, हें ध्यानीं ठेवावें. पुढें केव्हां जावें, मागें केव्हां सरावें, थांबावें केव्हां, हें त्यास कळलें पाहिजे. आणि आपले घोडे थकले होते म्हणून आपण रथ फिरविला. रावणाचें समाधान झालें व त्यानें त्यास हातांतलें आभरण बक्षीस दिलें. पुढें धांवण्याइतकीच मागें सरण्याचीही विद्या असते, आणि ती न जाणणारा धनी शहाण्या सेवकास भित्रा ठरवितो, हा या प्रसंगाचा अर्थ आजच्या कोणत्याही शर्यतीस लागू पडेल.

ही झाली काव्यांतील साक्ष. आतां कागदांची व विटांची पाहूं. आशिया मायनरमध्यें बोगाझक्योय येथें सांपडलेल्या विटांवर किक्कुली नांवाच्या मितन्नी देशच्या अश्वशिक्षकाचा ग्रंथ कोरलेला आहे; त्याचा काळ ख्रिस्तपूर्व पंधराव्या-चौदाव्या शतकांतला मानितात. रथाच्या घोड्यांस कित्येक महिने कसें तयार करावें, कोणत्या दिवशीं किती पळवावें, केव्हां न्हाऊं घालावें, झूल केव्हां पांघरावी, दाणा व पाणी केव्हां द्यावें व केव्हां तोडावें, याचा दिवसवार तपशील त्यांत आहे. ग्रंथ हित्ती भाषेंत असला तरी फेऱ्यांच्या संज्ञा आइक, तेर, पंज, सत्त अशा आहेत, आणि त्यांस ‘वर्तन’ हा शब्द जोडलेला आहे. एक, तीन, पांच, सात हे आपले शब्द त्या दूरच्या पागेंत ऐकूं येतात, याचें नवल कोणास वाटणार नाहीं?

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील अश्वाध्यक्षाचें प्रकरणही याच वळणाचें आहे. पागेंतील प्रत्येक घोड्याचें वय, वर्ण, चिन्ह, जात व तो कोठून आला याची नोंद ठेवावी, असें तेथें सांगितलें आहे. रथाच्या घोड्याची एका वेळची वाट प्रतीप्रमाणें सहा, नऊ व बारा योजनें, आणि पाठीवर स्वार वाहणाऱ्याची पांच, साडेसात व दहा योजनें, अशी मर्यादा घातली आहे. वेगाचें शास्त्र लिहितांना प्रथम मर्यादा सांगणारा हा ग्रंथकार व्यवहारी खरा. औषधाच्या हयगयीनें रोग वाढला तर खर्चाच्या दुप्पट दंड, आणि जनावर दगावलें तर त्याची किंमत भरावी, असाही त्याचा नियम आहे. पुढें शालिहोत्राच्या नांवावर एक मोठी परंपरा वाढली. नकुल व जयदत्त यांचे ग्रंथ त्याच परंपरेंतले. घोड्यांच्या वैद्यास आपल्याकडे ‘सलोत्री’ म्हणत, तो शब्द शालिहोत्रावरूनच आला. चाबूक कोणत्या अपराधास व अंगाच्या कोणत्या भागीं मारावा याचे नियम या ग्रंथांत दिले आहेत. म्हणजे वाटेल तेव्हां मारणारा स्वार त्यांच्या दृष्टीनें अडाणीच होता.

ही विद्या नसली म्हणजे काय होतें तें मार्को पोलोनें तेराव्या शतकाच्या अखेरीस नमूद केलें आहे. दक्षिणेंतील मअबर देशचे राजे दरवर्षीं हजारों घोडे समुद्रमार्गें विकत घेत. परंतु निगा कशी राखावी हें ठाऊक नसल्यामुळें वर्षअखेरीस त्यांतले फारच थोडे जिवंत राहत. घोडे विकणारे व्यापारी नालबंदांस त्या देशांत जाऊं देत नसत, असेंही तो सांगतो. घोडा विकावा, पण विद्या विकूं नये, म्हणजे गिऱ्हाईक पुढच्या वर्षीं पुन्हां येतें! परावलंबनाचें याहून स्पष्ट चित्र क्वचितच सांपडेल.

शिवाजी महाराजांनीं ही गोष्ट पुरती ओळखली होती. सभासदानें त्यांच्या पागेची जी रचना दिली आहे, तींत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवालदारांवर एक जुमलेदार व दहा जुमल्यांचा एक हजारी, ही चढती पायरी सर्वांच्या परिचयाची आहे. पण त्याच ठिकाणीं दर पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद नेमल्याचें लिहिलें आहे, तिकडे फार थोड्यांचें लक्ष जातें. पाणी देणारा व नाल मारणारा हे दोघे हवालदाराच्या बरोबरीनें सैन्याच्या मोजणींत धरणारा राजा वेगाचें मूळ जाणत होता. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळुणाकडील छावणींतील जुमलेदार-हवालदारांस त्यांनीं पाठविलेलें पत्र तर या विद्येचा आदर्शच होय. पावसाळ्यासाठीं सांठविलेला दाणा व गवत आतांच बेहिशेब उधळाल तर पुढें कांहीं मिळणार नाहीं. घोडे उपाशीं मरतील व ते तुम्हींच मारिले असें होईल. मग रयतेस तोशीस लावूं लागाल. रात्रीं दिवा जळता ठेवाल तर उंदीर वात ओढून नेईल आणि गंजीस आग लागेल. अशा आशयाच्या सूचना त्यांत आहेत. रायगडचा छत्रपति उंदराची व दिव्याच्या वातीची काळजी वाहतो, हें वाचून आमच्या मनांत त्याच्याविषयींचा आदर दुणावतो.

पुढच्या शतकांत थोरल्या बाजीरावानें या पूर्वतयारीचें फळ कसें घेतलें, हें पालखेडच्या मोहिमेंत दिसतें. १७२७ च्या उत्तरार्धांत सुरू झालेल्या त्या मोहिमेंत त्यानें निजामाच्या जड तोफखान्याशीं समोरासमोर झुंज टाळली. वऱ्हाडांतून खानदेश, खानदेशांतून तापीचें खोरें ओलांडून गुजराथ, आणि तेथून पुन्हां दक्षिणेंत, अशी धांव घेऊन त्यानें निजामास आपल्यामागें ओढीत नेलें, आणि फेब्रुवारी १७२८ मध्यें पालखेडजवळ त्याचें दाणापाणी तोडलें. ६ मार्च १७२८ रोजीं मुंगी-शेवगांव येथें तह झाला. घोड्यावर बसल्या बसल्या जोंधळ्याचीं कणसें तळहातावर चोळून खाणारा बाजीराव, ही निजामाच्या चिताऱ्यानें काढलेल्या चित्राची आख्यायिका ग्रँट डफनें दिली आहे. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. तथापि स्वाराचें खाणें शेतांत आणि घोड्याचें खाणें वाटेवर असेल तरच असा पल्ला साधतो, हें तिचें मर्म खरें आहे. उलट १७६१ च्या जानेवारींत पानिपतावर जें झालें, त्याच्या कारणांत वैरणीचा तुटवडा हें एक मोठें कारण आहे. रसद तुटली, घोडे उपासमारीनें मरूं लागले, आणि ज्या सैन्याचें सर्व बळ चपळाईंत होतें, त्यास जागचें हलतां येईना. शौर्य दोन्हीं ठिकाणीं होतें; दाणावैरण एकाच ठिकाणीं होती.

स्वाराच्या बैठकीचीही गोष्ट येथें सांगितली पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत इंग्लंडांतील शर्यतीचे स्वार ताठ बसून, लांब रिकिबींत पाय घालून घोडे पळवीत. १८९० नंतरच्या दशकांत अमेरिकन स्वारांनीं रिकिबी आंखूड करून मानेवर ओणवें राहण्याची रीत तेथें नेली. प्रथम लोक हंसले, मग सर्वांनीं तिचें अनुकरण केलें. २००९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासांत असें दाखविलें आहे कीं, ही बैठक रूढ झाली त्या सुमारास शर्यतींचा वेळ शेंकडा ५ ते ७ नें सुधारला. कारण असें कीं, ओणवा स्वार आपल्या गुडघ्यांनीं घोड्याचे हिसके झेलतो. घोड्यास त्याचें वजन वाहावें लागतें, परंतु प्रत्येक उडीस तें मागेंपुढें ढकलावें लागत नाहीं. घोडा तोच, मैदान तेंच. स्वारानें स्वतःचा अडथळा कमी केला, एवढ्यानेंच वेग वाढला.

आतां सारंगखेड्याकडे परत वळूं. आगगाडी आली, मोटार आली, सैन्यांतला घोडा गेला. आज या बाजारांत विकला जाणारा घोडा बहुधा वरातीस, हौसेस, नाचविण्यास किंवा शर्यतीस जातो. अलीकडील वर्षांत ‘चेतक फेस्टिव्हल’ या नांवानें या मेळ्याची जाहिरात होऊं लागली व प्रवासी वाढले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु वर्तमानपत्रांत झळकते ती एखाद्या घोड्यास सांगितलेली डोळे दिपविणारी किंमत. त्या घोड्याची चंदी कोणी ठरविली, रोज खरारा कोणीं केला, रहवाल व दुडकी चालींत त्याचें पाऊल कोणत्या चाबुकस्वारानें बसविलें, हें कोणी छापीत नाहीं. बाजारांत येणारे मोतद्दार, नालबंद व चाबुकस्वार हे या विद्येचे शेवटचे ग्रंथ आहेत. ते कागदावर लिहिलेले नाहींत, म्हणून त्यांचें पारायण ते हयात आहेत तोंवरच करून घेतलें पाहिजे.

एवढ्यावरून कोणी आम्हांस जुन्याचे आंधळे पूजक म्हणूं नये. भोंवऱ्यांचें भाग्य, नजर लागूं नये म्हणून केलेले अघोरी उपचार, नाचण्यासाठीं जनावराचा केलेला छळ, हें सर्व टाकण्याच्याच योग्यतेचें आहे. घोड्यास ओकारी होऊं शकत नाहीं. म्हणून चुकीचें किंवा एकदम जास्त खाणें त्याच्या पोटांत प्राणघातक शूळ उत्पन्न करतें, हें आजचा पशुवैद्य सांगतो, आणि थोडें पण वारंवार खाऊं घालणारा जुना मोतद्दारही तसाच वागत आला. अशा ठिकाणीं दोघांनीं एकत्र बसावें, एकानें हातानें दाखवावें व दुसऱ्यानें त्याचें कारण लिहून ठेवावें, एवढीच आमची अपेक्षा आहे. जिल्ह्यांतील शाळा-महाविद्यालयांस हें काम अशक्य नाहीं. यात्रेच्या दिवसांत चार विद्यार्थी वही घेऊन पागेपागेंत फिरले, तर चालींचीं, रंगांचीं, दुखण्यांचीं व सरंजामाचीं शेंकडों मराठी नांवें नष्ट होण्यापासून वांचतील.

आपल्या घरांतील मुलांस आतां मोटारींचें वेड आहे, आणि उद्यां आणखी कशाचें असेल. वाहन बदलेल, परंतु त्यावर बसणाऱ्यानें वाहनाचें अंतरंग, वाटेची जमीन, स्वतःचें वजन आणि थांबण्याची वेळ ओळखावी, हा नियम बदलणार नाहीं. वेगाची हौस असलेल्या मुलास आपण एवढेंच विचारावें कीं, तुझ्या वाहनाला तहान लागली हें तुला केव्हां कळतें? ज्यास याचें उत्तर देतां येईल, त्याच्या हातीं लगाम देण्यास हरकत नाहीं.